भिंतीकडं तोंड केलेली पाटी

नाशकात मेलेल्या माणसाला जागा लवकर मिळते. चौक मिळतो, पूल मिळतो, बागेतला कोपरा मिळतो. अगदीच काही उरलं नाही तर मुतारीशेजारची भिंत तरी मिळतेच. जिवंत माणसानं टपरीपुरती हातभर जागा मागून बघावी, मग कळतं शहर कोणाचं आहे ते. गोरक्ष पाथरवटानं हे जन्मभर पाहिलं होतं, कारण त्या मेलेल्यांची नावं दगडात खणायचं काम त्याचंच होतं. पेठ रोडला, रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली तो बसायचा. पुढ्यात पाटी, डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी. कोणी दानशूर, कोणी समाजभूषण, कोणी लोकनेते. ज्यांना जिवंतपणी चांगला ओळखत होता त्यांच्या नावाआधी हे शब्द खणताना त्याला हसू यायचं. पण हसून पोट भरत नाही. हातोडी पडत राहायची.

आता तेही काम आटलं होतं. अंबडला कॉम्प्युटरची मशिनं आली. ग्रॅनाइटवर तासाभरात फोटोसकट नाव निघतं. गोरक्षकडं उरल्या होत्या पाट्या-वरवंट्याला टाकी लावून घेणाऱ्या चार बाया, आणि एखादा जुन्या वळणाचा म्हातारा, जो बायकोच्या नावाची पाटी हातानंच काढून पाहिजे म्हणून अडून बसायचा.

त्याच्या कामाला एक नेम होता, बापानं घालून दिलेला. पाटी पुरी झाली की गिऱ्हाइकाच्या हवाली करायच्या आधी तिची छाप घ्यायची. पतंगाचा पातळ कागद पाटीवर ताणून बसवायचा आणि वरून कोळसा हलक्या हातानं घासायचा. कागद काळा होतो, खणलेली अक्षरं तेवढी पांढरी राहतात. मागच्या अंगाला तारीख टाकायची, गुंडाळी करायची आणि पेटीत ठेवायची. उद्या गिऱ्हाईक म्हणालं, मी असं सांगितलंच नव्हतं, तर छाप काढून दाखवायची. बाप म्हणायचा, दगड लोकांचा, छाप आपली. त्या पत्र्याच्या पेटीत साठ-सत्तर वर्षांच्या छापा होत्या. अर्धं नाशिक गुंडाळी होऊन पडलं होतं तिथं.

त्यातली सगळ्यात जुनी छाप यशोदाबाईची.

गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पलीकडं, जिथं आता सोसायट्या उभ्या आहेत, तिथं तेव्हा नुसते मळे होते. मेथी, कोथिंबीर, शेवंती, निशिगंध. यशोदाबाई तिथली माळीण. नवरा ऐन उमेदीत गेलेला, पोटी काही नाही. डोक्यावर फुलांचा हारा घेऊन चालत बाजारात जायची. एकदा भावाचं कार्ड आलं. ते वाचून द्यायला वस्तीत तीन दिवस कोणी सापडलं नाही. चौथ्या दिवशी पोस्टमननं वाचून दाखवलं की आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब ये. ती पोचली तेव्हा आईची राख सावडून झाली होती. परत आल्यावर तिनं मळ्याचा विहिरीकडचा तुकडा मुलींच्या शाळेला देऊन टाकला. कारण विचारलं तर एवढंच म्हणायची, पोरींना आपापली कार्डं वाचता आली पाहिजेत.

गावचा पाटील तेव्हा चिमाजी. बाया वाचायला लागल्या तर चुलीपुढं कोण बसणार, असं तो चावडीवर म्हणाला आणि नुसतं म्हणून थांबला नाही. त्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याची यशोदाबाईची पाळी त्यानं बंद केली. शेवंती उभी जळाली. शाळा मात्र झाली.

शाळेला पाटी पाहिजे म्हणून तिनं गोरक्षच्या बापाला बोलावलं. बाप तेव्हा खाणीत खडी फोडायचा. अक्षर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, बाई, मला येत नाय. ती म्हणाली, तुला खणता येत नाय, मला वाचता येत नाय, दोघं मिळून चुकू. मास्तरांनी काळ्या पाषाणावर गेरूनं अक्षरं काढून दिली आणि बापानं ती रेघेवरून रेघ खणली. ‘ही जागा व विहीर यशोदाबाई माळीण हिने मुलींच्या शाळेसाठी दिली. सन १९५८.’ पहिलीच पाटी. अक्षरं ओळीत नव्हती, श तर सगळे एका अंगाला कललेले, जसा काही वारा सुटलाय. बापानं तिची छाप घेतली, घरात भिंतीला लावली आणि त्या छापेवर बोट फिरवून फिरवून तो वाचायला शिकला. पुढं गोरक्ष त्याच छापेवर शिकला. त्याची मुलगी सृष्टीही त्यावरच शिकली. लोकांची पोरं ग-गणपतीचा, भ-भटजीचा म्हणत शिकली. या घरात य यशोदाबाईचा होता.

यशोदाबाई गेली. शाळेची संस्था झाली, संस्थेत पाटलाचं घराणं शिरलं, आणि नव्या इमारतीच्या वेळी ती पाटी उपसून बाथरूमच्या मागं टाकली. गोरक्षनं ती तिथं पडलेली पाहिली होती. कधीतरी मागून आणू, असं मनात म्हणाला होता. हा ‘कधीतरी’ आपल्याकडं फार मोठा माणूस आहे. त्याच्या नावाचा चौक व्हायला हरकत नाही.

मग सिंहस्थ तोंडावर आला आणि शहराला आपल्या जुन्या माणसांची एकदम उचकी लागली. रस्ते उकरले, घाट घासले, भिंती रंगवल्या. एक समिती निघाली. जुन्या संस्था, जुनी माणसं शोधून ती निळे वारसा फलक लावणार होती. बाहेरून येणाऱ्यांनी मोबाइल धरला की संस्थेचा सगळा इतिहास दिसणार. अट एकच: संस्थापकाचा काही जुना पुरावा पाहिजे.

चिमाजी पाटलाचा नातू योगेश आता संस्थेचा अध्यक्ष. बिल्डर माणूस. तो एका सकाळी शेडपाशी येऊन उभा राहिला. मागून छोटा हत्ती टेम्पोतून संस्थेचा क्लार्क महेश एक दगड घेऊन आला होता. दोघा हमालांनी तो उतरवला. पालथा होता तरी गोरक्षनं ओळखला. बापाच्या हातचा दगड कडेवरून कळतो.

योगेशनं पायातले बूट काढून शेडात पाऊल टाकलं, म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. अशी माणसं आधी पायाला हात लावतात. मग चहा मागवला, वडिलांची आठवण काढली, पूर्वीच्या हस्तकलेला कशी तोड नव्हती ते सांगितलं. शेवटी योगेश मुद्द्यावर आला. कोऱ्या अंगावर आजोबांचं नाव काढायचं. सन तेच, दगड तोच, आणि हात वडिलांचा दिसला पाहिजे.

“मशीनचं अक्षर नवं दिसतं, नाना. तुमच्या हातात तुमचे वडील आहेत.”

“आन् पलीकडच्या अंगाचं काय?” गोरक्षनं विचारलं.

“ते भिंतीकडं जाईल. आपण काही पुसत नाही आहोत. बाईंचा मान बाईंपाशी.”

गोरक्ष म्हणाला, मला नाय जमायचं, डोळ्यांना आता दिसत नाय. योगेश हसला. मग सहज, चहाची बशी खाली ठेवता ठेवता बोलल्यासारखं बोलला, “जूनमध्ये मराठीच्या बाई रिटायर होतात. सृष्टीताईंचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे.”

सृष्टी त्याच शाळेत सात वर्षं तासिकेवर शिकवत होती. तासिकेवर म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. जेवढे तास घ्याल तेवढेच धरायचे. सुट्टीत तुम्ही कोणी नाही, आजारपणात तुम्ही कोणी नाही, आणि दर जूनला पुन्हा हात जोडून दारात उभं राहायचं. एम.ए., बी.एड. झालेली पोरगी. दोन स्थळं एवढ्यासाठीच मोडली होती की पर्मनंट कधी होणार, याचं उत्तर घरात कोणाकडं नव्हतं.

गोरक्षनं दगडाकडं पाहिलं. मग म्हणाला, पंधरा दिवस लागतील.

घरात त्यानं कोणाला सांगितलं नाही. घर शेडापासून दोन गल्ल्या आत. सृष्टी सकाळी शाळेत जायची ती संध्याकाळी यायची. बायको कलाबाई गुडघ्यांमुळं शेडाकडं फिरकत नव्हती. पाटीवर गोणपाट टाकलं की झालं.

काम सोपं नव्हतं. दगडाची पाठ खडबडीत होती, ती आधी टाकी लावून सपाट केली. मग गेरूनं ओळी आखल्या. आणि तिथं हात अडला. चाळीस वर्षांत त्याच्या हाताला वळण बसलं होतं; वाकडं अक्षर काढायचं म्हटलं तरी ते सरळच यायचं. बापाच्या पहिल्या पाटीसारखं खणायचं तर बापाला त्या दिवशी जे येत नव्हतं ते आपल्यालाही येत नाही असं धरून खणावं लागत होतं. छिन्नी कुठं घसरली होती, कुठं भिऊन उथळ पडली होती, श कललेला बघून बापानं पुढचा श सरळ करायचा कसा प्रयत्न केला होता आणि तोही कसा कलला होता. दगड उलटा करून तो बघायचा, पुन्हा सुलटा करून खणायचा. बापाची कला कोणीही चोरेल. या पठ्ठ्यानं बापाचं अडाणीपण चोरलं.

‘ही शाळा चिमाजी पाटील यांनी स्थापन केली. सन १९५८.’

शेवटच्या आठवड्यात त्यानं पाटी ताक लावून उन्हात ठेवली, वर चुलीतली राख चोळली, खाचांत तेलाची काजळी भरली. दगड साठ-सत्तर वर्षं म्हातारा झाला. महेश न्यायला आला तेव्हा गोरक्ष त्याला म्हणाला, थांब जरा. त्यानं पतंगाचा कागद काढला, पाटीवर ताणला, कोळसा घासला. गुंडाळी केली. मागं तारीख टाकली. का घेतली छाप, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बैल जसा सवयीनं आपल्या दाव्यापाशी जाऊन उभा राहतो तसं झालं. खोट्या पाटीची खरी छाप, खऱ्या तारखेसकट, त्यानं आपल्या हातानं घरी नेऊन पेटीत ठेवली.

पाटी बसवायलाही तोच गेला, रविवारी, शाळा बंद असताना. शाळेच्या दर्शनी भिंतीत चौकट पाडून ठेवली होती. यशोदाबाईचं नाव आत गेलं. गोरक्षनं मागून सिमेंट भरलं, थापी फिरवली. काम चांगलं झालं होतं. त्याच्या हातून वाईट काम होतच नसे, हीच तर पंचाईत.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकबाईंनी सृष्टीला संस्थेची माहिती लिहून काढायला सांगितली, समितीसाठी. नव्या लावलेल्या पाटीवरून लिहा म्हणाल्या. सृष्टीनं भिंतीवरची पाटी वाचली आणि तिला पहिल्यांदा वाटलं की आपणच काहीतरी विसरतोय. श ओळखीचे होते. हात आजोबांचा होता. नाव भलतंच होतं. ती मधल्या सुट्टीत घरी आली. यशोदाबाईची छाप आता भिंतीवर नव्हती. कागद जीर्ण झाला म्हणून गोरक्षनं कधीच पेटीत ठेवली होती. तिनं पेटी उघडली. सगळ्यात वर एक ताजी गुंडाळी होती, कोळसा बोटाला लागणारी.

गोरक्ष जेवायला घरी आला तेव्हा खोलीत जमिनीवर दोन कागद पसरलेले होते, कोपऱ्यांवर खडे ठेवलेले. एक पिवळा, एक पांढरा. सृष्टी मध्ये बसली होती. कलाबाई दाराशी उभी होती आणि तिच्या तोंडावरून कळत होतं की तिला सगळं सांगून झालंय.

“तारीख पण टाकलीत, आण्णा,” सृष्टी म्हणाली.

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग बोलत सुटला. आयुष्यात एवढा बोलला नसेल. जूनची जागा, प्रस्ताव, मोडलेली स्थळं, आपण गेल्यावर तुझं कसं होणार, यशोदाबाई मरून गेली, तिला काय फरक पडतो, आणि नाव तर पुसलं नाही, आत आहे, जपून आहे. सृष्टीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी वर्गात पोरींना रोज सांगते, वाचता आलं की कोणी फसवू शकत नाही. उद्यापासून काय सांगू?

कलाबाई म्हणाली, “दगडाला तोंड नाय म्हणून बरं. नायतर थुंकला असता तुमच्यावर.”

समिती पुढच्या सोमवारी येणार होती. सृष्टी म्हणाली, मी दोन्ही छापा घेऊन जाणार. पण सोमवारी सकाळी ती उठायच्या आत गोरक्षनं दोन्ही गुंडाळ्या पेटीतून काढून शेडातल्या दगडांच्या ढिगामागं नेऊन ठेवल्या. तिनं पेटी उघडून पाहिली, बंद केली आणि न जेवता शाळेत गेली. बापाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

समितीतर्फे निकिता मॅडम आल्या. जुन्या इमारतींचा अभ्यास केलेली, तिशी-पस्तिशीची, हातात वही. योगेशनं शाल, नारळ, पेढे अशी तयारी ठेवली होती. त्यांनी पेढा घेतला, शाल नको म्हणाल्या. आठवीच्या मुली ओळीत उभ्या होत्या, त्यांच्या कडेला सृष्टी. गोरक्षला मुद्दाम बोलावलं होतं. धुतलेली टोपी घालून तो महेशच्या मागं उभा होता.

योगेशनं भाषण केलं. आजोबांनी स्त्रीशिक्षणाचं स्वप्न कसं पाहिलं, गावाचा विरोध कसा सोसला. विरोध खरा होता. फक्त माणूस इकडचा तिकडं झाला होता. संस्थेची जुनी कागदपत्रं वाळवीनं खाल्ली, म्हणाला, पण दगडाला वाळवी लागत नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

निकिता मॅडम पाटीजवळ गेल्या, अक्षरांवरून बोट फिरवलं. हात कोणाचा, असं विचारल्यावर योगेशनं गोरक्षचा दंड धरून त्याला पुढं आणला. यांच्या वडिलांचा. मॅडमनी अदबीनं नमस्कार केला आणि विचारलं, हे श असे कललेले का?

“बापाची पयली पाटी होती,” गोरक्ष म्हणाला. “तवर त्यानं अक्षर खणलं नव्हतं.”

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मॅडमच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की गोरक्षला वाटलं, जमिनीनं आता पोटात घ्यावं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तेव्हा सृष्टी ओळ सोडून पुढं आली. आवाज चढवला नाही. वर्गात बोलते तशी बोलली.

“मॅडम, ही पाटी भिंतीतून काढून उलटी करा. यशोदाबाई माळीण यांनी ही जागा दिली, ते पलीकडच्या अंगावर लिहिलंय. हे नाव मागच्या महिन्यात खणलंय.”

एका मुलीला हसू आलं, तिनं ते दाबलं. योगेश चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मान हलवली, जशी घरातल्या हट्टी पोरीकडं बघून हलवतात, आणि म्हणाला, “त्यांचे वडीलच इथं आहेत. त्यांनाच विचारा ना.”

निकिता मॅडम गोरक्षकडं वळल्या. ही मुलगी म्हणते ते खरं आहे का, त्यांनी विचारलं. तुमच्या वडिलांची दुसरी काही नोंद, काही छाप असेल तर तीही चालेल, म्हणाल्या. छाप हा शब्द त्यांना कुठून ठाऊक, देव जाणे. शिकलेली बाई.

गोरक्षला दिसत होतं ते एवढंच: टेबलावरचा प्रस्ताव. अजून वाचवता येईल. पोरीनं तोंड उघडलंय, आता बापानं ते झाकलं तर योगेशभाऊ मोठ्या मनानं विसरेल. हा हिशेब त्यानं तिथं, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर केला.

“पोरगी लहान होती,” तो म्हणाला. “तिला कायतरी भलतंच आठवतंय. हात माझ्या बापाचाच हाय. यशोदाबाईची छाप-बिप आमच्या घरात कधी नव्हती.”

सृष्टी त्याच्याकडं बघत राहिली. मग मुलींकडं वळली आणि म्हणाली, ओळीनं वर्गात चला.

मॅडमनी दगड काढून बघता येईल का असं एकदा विचारलं. योगेश म्हणाला, भिंतीला तडा गेला तर पोरींच्या डोक्यावर यायची, जबाबदारी कोण घेणार? पाटी घट्ट होती हे त्यांनी हात लावून पाहिलं. घट्ट असणारच. गोरक्षनं बसवली होती.

निळा फलक मंजूर झाला. तिसऱ्या दिवशी सृष्टीच्या मोबाइलवर महेशचा निरोप आला: या सत्रात तासिका उपलब्ध नाहीत. पंधरवड्यात बातमी आली की जूनच्या जागेवर महेशची मेव्हणी येणार.

गोरक्ष योगेशच्या ऑफिसला गेला. बाहेर सोफ्यावर दीड तास बसला. आत बोलावल्यावर योगेशनं या वेळी पायाला हात लावला नाही, पण पाणी दिलं. म्हणाला, नाना, तुम्ही तुमचं काम चोख केलं, तुमच्याबद्दल माझी तक्रारच नाही. पण ज्या बाईनं पाहुण्यांसमोर संस्थेची अब्रू काढली तिला पर्मनंट करू? तुम्हीच सांगा, तुम्ही करता का?

जिना उतरताना गोरक्षच्या लक्षात आलं की त्यानं बाप विकला, पोरगी विकली, आणि सौद्यात काहीच मिळालं नाही. ज्यांच्याशी सौदा करायला आपण वाकतो ना, ते वाकलेल्या पाठीवर पाय ठेवून पुढं जातात. त्यांना दुसरं काही येतच नाही.

तो शेडात आला. दगडांच्या ढिगामागून दोन्ही गुंडाळ्या काढल्या. पिवळीची कड उंदरानं थोडी कुरतडली होती. नाव शाबूत होतं. त्या घेऊन तो घरी गेला आणि सृष्टीपुढं ठेवल्या. ती बारावीच्या क्लासचे पेपर तपासत होती. कॉलेज रोडला एका क्लासमध्ये काम लागलं होतं तिला. तिनं गुंडाळ्यांना हात लावला नाही.

“सोमवारी पाहिजे होत्या, आण्णा.”

“चल मॅडमकडं. मी सांगतो समदं.”

“मी नाही येणार. मी माझं सांगून झालं. आता तुमचं तोंड आहे, तुम्ही जा.” तिनं पुढचा पेपर ओढला. मान वर न करता म्हणाली, “आणि ऊन आहे, टोपी घालून जा.”

समितीचं ऑफिस सीबीएस बसस्टँडजवळ, दुसऱ्या मजल्यावर. पंख्याखाली एक क्लार्क जेवणाचा डबा बांधत होता. निकिता मॅडम साइटवर गेल्यात म्हणाला, चार दिवस भेटणार नाहीत, सिंहस्थाची गडबड आहे. काम काय आहे?

गोरक्षनं सांगितलं. मळ्याच्या शाळेची पाटी खोटी आहे, मीच खणली, मीच खोटं बोललो. क्लार्कनं त्याच्याकडं नीट पाहिलं. याला वेड लागलंय की पाजलंय कोणी, असं त्याच्या मनात आलं असणार. पण सरकारी कामात वेडाचीही सोय असते. त्यानं एक कोरा कागद पुढं सारला, पेन दिलं आणि म्हणाला, तोंडी चालत नाही, अर्ज लिहून द्या. नाव, पत्ता, विषय. सोबत काय जोडताय ते खाली लिहा.

गोरक्ष बाकावर बसला. गुंडाळ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्यांनी लिहून दिलेलं खणलं होतं. स्वतःच्या मनचं वाक्य लिहायला त्याच्याकडं शब्द नव्हते, आणि बोटांत पेन छिन्नीसारखं धरलं जात होतं, फार घट्ट. आपण हे लिहिलं तर योगेशभाऊ काय करेल, रस्त्याकडेची शेडाची जागा अशाच लोकांच्या मेहेरबानीवर आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. क्लार्क डबा घेऊन निघून गेला. पंखा फिरत राहिला.

त्यानं लिहायला घेतलं. अक्षर वाकडं आलं. श तर एका अंगाला कललाच.

‘अर्जदार: गोरक्ष पाथरवट, पेठ रोड. विषय: शाळेच्या पाटीवर मी खोटं खणलं त्याबाबत. सोबत: छापा दोन.’